खुंटीवर लटकवलेली नोटीस

केटल लेक,
मार्चचा दुसरा रविवार

आदरणीय ओन्नीदादा यांस,

रेइनोचा नमस्कार. अडतीस हजार चारशे डॉलर वसूल करायला मला खरोखर किती खर्च आला ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तब्येतीची चौकशी मोकळ्या मनाने करता येईल. रजिस्टर टपालाचे नऊ डॉलर तीस सेंट. वाळलेल्या बर्चच्या लाकडाचा अर्धा ढीग. हेल्वीच्या हातचे वेलदोड्याचे दोन पाव. माझे लोकरी अस्तराचे बूट, जे एका परक्याच्या पायातून मिलवॉकीला गेले आणि तिकडचेच झाले. आणि डावी भुवई. भुवई परत येतेय असं हेल्वी म्हणते, पण ती पांढरी येतेय, त्यामुळे सध्या मी एका बाजूने साठीचा आणि दुसऱ्या बाजूने ऐंशीचा दिसतो.

असो. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींची? गुडघ्याची वेगळी चौकशी करतो, कारण तुमच्या पत्रात त्याला वहिनींपेक्षा जास्त जागा मिळाली होती. पत्र परवा पोचलं. तुम्ही भर हिवाळ्यात अर्ध्या चड्डीत फिरता हे वाक्य हेल्वीने मोठ्याने वाचलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मी छपरावरचा बर्फ खाली ढकलत होतो. (त्यानंतर तिने मला आत बोलावून कॉफी दिली, एरवी ती संपूर्ण छप्पर मोकळं झाल्याशिवाय देत नाही, म्हणून तुमचे आभार.) तुमच्या कोपऱ्यावर कुणी नवं पेस्टीचं दुकान काढलंय, मांस-बटाट्याचं सारण झकास पण वरचं कवच दगड, आणि दुकानदार प्रत्येक पेस्टीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतो, कान देऊन ऐकतो आणि मगच कागदात गुंडाळतो, हेही वाचलं. फ्लोरिडाच्या उन्हात रांग लावून पेस्टी खाणारी माणसं आपल्या इकडचीच असणार. इथून पळून गेलेला माणूसही पोटाने इथेच राहतो.

तर पैसे आले. सगळे. एक सेंट कमी नाही. माझ्या नावाचा छापील चेक आमच्या फ्रिजवर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली लावलाय, आणि रोज सकाळी कॉफी पिताना मी त्याच्याकडे बघतो. एका फावड्यावर धंदा सुरू केलेला माणूस मी, पण वकील न लावता, आवाज न चढवता आणि कुणाचा एक शब्द उसना न घेता मी जामीन कंपनीकडून काम करून घेतलं. हे मी फक्त चौघांना सांगितलं होतं. आता किराणा दुकानातली पोरगीही मला 'बाँडवाले काका' म्हणते.

पैसे आले नसते तर काय झालं असतं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. मागच्या वसंतात मी खडी उचलायचा लोडर घेतला. नवा, पिवळा. (लग्नाच्या दिवशीही मी इतका हसलो नव्हतो असं तुमची बहीण म्हणते. लग्नाच्या दिवशी मला दाढदुखी होती, हे ती विसरते.) हप्ते उन्हाळ्यात भरायचे आणि हिवाळ्यात थकवायचे, असा बँकेचा आणि माझा न बोलता झालेला समझोता होता. पण शरद ऋतूत बँकेत नवा मॅनेजर आला, दक्षिणेकडचा, ज्याला न बोललेलं समजत नाही. त्याने पत्र धाडलं की एप्रिलअखेर थकबाकी आली नाही तर लोडर घेऊन जाऊ. आता लोडर गेल्यावर खडीच्या खाणीचा मालक म्हणजे काय? एका टेकडीकडे बघत बसलेला म्हातारा.

आणि थकबाकी भरायची ती अग्निशमन केंद्राच्या पैशांतून. तुम्ही गेलात तेव्हा बंब शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असायचा आणि जानेवारीत तो सुरू करण्यासाठी आधी त्याच्याखाली आग पेटवावी लागायची. शेवटी टाउनशिपने नवं केंद्र बांधायचं ठरवलं. मुख्य कंत्राट मिळालं सुलो पेल्कोनेनला. होय, आपलाच सुलो, शेजारचा. सुलोने पाया, जमीन आणि बाहेरचा चौथरा असं काँक्रीटचं काम दिलं गार्थ ट्रेव्हॅरोला. हा ट्रेव्हॅरो तुमच्यानंतर आला, मूळचा कॉर्निश, लालबुंद चेहऱ्याचा, हसतमुख. काँक्रीट उत्तम घालायचा. जमीन वाळली की गुडघ्यावर बसून बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा, कलिंगड घेणाऱ्यासारखा कान द्यायचा, आणि म्हणायचा, "झाली बघ." आणि ट्रेव्हॅरोला खडी-वाळू पुरवली मी. म्हणजे टाउनशिपने पैसे सुलोला द्यायचे, सुलोने ट्रेव्हॅरोला, ट्रेव्हॅरोने मला. उतरंड सोपी होती. फक्त वरून सोडलेलं पाणी खालच्या मडक्यापर्यंत आलं नाही.

माझी शेवटची गाडी खाली झाली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हरणांचा मोसम सुरू व्हायच्या आत. मोसम सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे सगळं गाव बंदुका घेऊन रानात गेलं. ट्रेव्हॅरोही गेला. पंधरा दिवसांनी सगळे परत आले, ट्रेव्हॅरो आला नाही. तरी आम्ही आणखी आठवडाभर कुणी काही बोललो नाही, कारण इकडे मोसमात माणूस गायब होणं हे सभ्यपणाचं लक्षण आहे. मोठं हरीण मागे लागलं असेल, किंवा मिळालं नसेल आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटत असेल, दोन्हीत विचारणं बरं नव्हे. शेवटी कुणीतरी त्याच्या गोडाऊनच्या खिडकीतून आत बघितलं. आत एक मोडकी चाकगाडी आणि कॅलेंडर. बंदूक मात्र भिंतीवरच टांगलेली. बंदूक न नेता शिकारीला गेलेला माणूस पाहून मग गावाची खात्री पटली.

आता खाजगी घराचं काम असतं तर मी सरळ घरावर बोजा चढवला असता, की पैसे मिळेपर्यंत घर विकता येणार नाही. पण सरकारी इमारतीवर बोजा चढत नाही. आणि चढला असता तरी काय? तुमच्या घराला आग लागली तर मी बंबापुढे आडवा झोपून 'आधी माझी खडी' म्हणणार होतो का? यासाठीच टाउनशिपने सुलोकडून काम सुरू व्हायच्या आधी जामीन कंपनीच्या हमीचे दोन बाँड लिहून घेतले होते. एक, काम पुरं होईल याचा. दुसरा, त्या कामावर ज्यांनी घाम गाळला किंवा माल टाकला त्यांना पैसे मिळतील याचा. दुसरा बाँड म्हणजे माझ्यासारख्या खालच्या मडक्यासाठीच. अट एकच: शेवटचा माल टाकल्यापासून नव्वद दिवसांच्या आत मुख्य कंत्राटदाराला लेखी नोटीस द्यायची, की माझं इतकं येणं आहे. दिवस उलटले की बाँड म्हणजे चांगल्या कागदावर छापलेलं नक्षीकाम.

तुम्ही म्हणाल, मग द्यायची नोटीस, अडचण कसली? अडचण अशी की लोकांना बाँड म्हणजे विमा वाटतो. विमा नाही तो, ओन्नीदादा. जामीन कंपनी मला पैसे देते आणि मग वळून सुलोच्या दारात उभी राहते. कारण बाँड घेताना सुलोने आणि त्याच्या बायकोने, लेंपीने, दोघांनी सही केलेली असते की कंपनीला फटका बसला तर आम्ही भरून देऊ: घर, गाडी, बँकेतली शिल्लक आणि मागचा वाफेचा सौनाही. सुलोच्या बापाने बांधलेला सौना! ज्याच्या वरच्या फळीवर मी तीस वर्षं दर दुसऱ्या शनिवारी बसतोय. म्हणजे मी नोटीस द्यायची ती माझ्याच बुडाखालची फळी काढून घ्यायला.

बरं, बोलून मोकळं व्हावं, तर बोलायचं कुठे? सुलो आणि मी कुठे भेटतो ते तुम्हाला माहीतच आहे. एक शनिवार त्याच्या सौनात, एक शनिवार माझ्या. इतर सहा दिवस आम्ही समोरासमोरून ट्रक नेताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो, आणि त्यात सगळं येतं. आणि सौनात दोघांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम: पैसा, राजकारण आणि चर्च, तिन्ही दाराबाहेर. चुलीविषयी बोललेलं चालतं. तर तीस वर्षं आम्ही चुलीविषयी बोलतोय. अशा माणसाच्या घरी मंगळवारी सकाळी पँट घालून जायचं आणि 'माझे पैसे' म्हणायचं? मी दोनदा त्याच्या फाटकापर्यंत गेलो. एकदा लेंपीने खिडकीतून पाहिलं, तेव्हा मी खाली वाकून त्याच्या रस्त्यावरचा बर्फ उपसला आणि घरी आलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला रस्ता साफ केल्याबद्दल मासे दिले.

शेवटी जानेवारीत मी युक्ती केली. बोलायचं नाही ना? मग लिहून ठेवायचं. एका पिवळ्या लांबट पाकिटात नोटीस घातली. मजकूर सभ्य होता: आधी लेंपीच्या कंबरेची चौकशी, मग हवामान, आणि मग सहज आठवलं म्हणून अडतीस हजार चारशे. आणि शनिवारी सुलोच्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत, जिथे आपण कपडे काढतो, तिथे सुलोच्या खुंटीवर, त्याच्या टॉवेलच्या वर, नाकासमोर येईल असं ते पाकीट लटकवलं. मी जरा लवकर गेलो होतो, तो लाकूड आणायला गेला होता. मग मी बाहेर जाऊन पुन्हा नव्याने आल्यासारखा आलो.

आम्ही आत बसलो. वाफ छान होती. मी वाट बघत होतो. बऱ्याच वेळाने सुलो म्हणाला,

"आज पटकन पेटली."

बस. एवढंच! मी घरी येईपर्यंत त्या तीन शब्दांचा अर्थ लावत होतो. नोटीस वाचून डोकं पेटलं, असं म्हणायचंय त्याला? टोमणा मारतोय? हेल्वी म्हणाली, "चुलीविषयी बोलला असेल." मी म्हटलं, "तू सुलोला ओळखत नाहीस. तो खोल माणूस आहे."

पुढचा शनिवार माझ्याकडे. त्याचं मौन. माझंही. मी मनात म्हटलं, ठीक आहे, देणार नसशील तर निदान घाम तरी गाळ, आणि दगडांवर पाणी जरा जास्तच ओतलं. त्याने चमचा घेतला आणि आणखी ओतलं. मी आणखी. दोघांचे कान भाजून निघाले, पण उठतोय कोण? शेवटी दोघं एकदम उठलो, बाहेर बर्फात जाऊन बसलो आणि तिथेही काही बोललो नाही. त्यानंतरच्या शनिवारीही तेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं दोन जिवलग मित्र बसलेत. आणि होतोच म्हणा.

जानेवारी संपत आला तेव्हा मात्र मला घाम फुटला, तोही थंडीत. नव्वद दिवस भरत आले होते. मी टाउनशिपच्या कचेरीत जाऊन बाँडची प्रत मागवली. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं, नोटीस रजिस्टर टपालाने. खुंटीचा उल्लेख कुठेच नव्हता. मग वादळ चालू असताना मी पोस्टात गेलो आणि तीन पाकिटं टाकली: एक सुलोला, एक टाउनशिपला, एक जामीन कंपनीला. पोस्टातल्या बाईंनी सुलोचं नाव वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि म्हणाल्या, "तीस वर्षं शेजारी ना रे तुम्ही?" मी म्हटलं, "हो." त्यांनी शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हाललं. घरी आलो तो माझं मन लागेना. सौनाच्या चाव्या गेल्यासारखं वाटत होतं, खरं तर सौनाला कुलूप नसतंच.

आता ऐका. सुलोला पाकीट मिळालं, त्याने सही करून घेतलं, आणि त्याच दिवशी स्वतः पोस्टात येऊन जामीन कंपनीला तार केल्यासारखं एका ओळीचं पोस्टकार्ड टाकलं: 'माणूस पाठवा.' हे मला पोस्टातल्या बाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज अजून थंडच होता. मी समजलो, सुलो लढणार. शनिवारी त्याच्याकडे गेलो तर त्याने पाण्याचा चमचा आधी माझ्या हातात दिला. चमचा पाहुण्याला आधी देतात. मला कळेना, हा मान आहे की निरोप.

आणि पुढच्या शनिवारी, माझ्याकडची पाळी, कंपनीचा माणूस आला. विन्स्लो पॅजेट, मिलवॉकीहून. वय असेल तिशीचं, कोट चांगला, बूट मात्र नाचाच्या कार्यक्रमाला जावेत असे. गाडी वळणावर अडकली, तिथून आमच्या घरापर्यंत चालत आला तेव्हा त्याचे पाय त्याला स्वतःलाच कळत नव्हते. हेल्वीने पाव कापला, कॉफी दिली, त्याचे बूट स्टोव्हजवळ ठेवले. (त्यांचे नंतर काय झाले ते न विचारलेलं बरं. म्हणूनच माझे गेले.) तेवढ्यात सुलो टॉवेल खांद्यावर टाकून हजर. आता शनिवारी संध्याकाळी घरी आलेल्या थंडीने निळ्या पडलेल्या पाहुण्याला सौनात न नेणं, हे आपल्यात कुणाला जमलं असतं का? पॅजेट म्हणाला, "आपण आधी कागद बघू या." हेल्वी म्हणाली, "आधी ऊब." हेल्वीशी वाद घालणाऱ्या माणसाला अजून कुणी पाहिलेलं नाही, तुम्ही सख्खा भाऊ असून.

तर वरच्या फळीवर सुलो आणि मी, आणि खालच्या फळीवर जामीन कंपनी, टॉवेल गुंडाळून, लाल होत असलेली. त्या बिचाऱ्याला नियम कुठून माहीत! ऊब आली तसा त्याला कंठ फुटला.

"तर मिस्टर पेल्कोनेन, या गृहस्थांच्या खडीचे पैसे देणं आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

सुलोने दगडांवर चमचाभर पाणी टाकलं.

"मी विचारलं, मान्य आहे का?"

आणखी एक चमचा. पॅजेट खाली वाकला, श्वास शोधून आणला आणि मला विचारलं, "यांना ऐकू येतं ना?"

"येतं. इथे बोलत नाहीत."

"का?"

ओन्नीदादा, हा प्रश्न आम्हाला तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी सुलोकडे पाहिलं. सुलोने चमचा बादलीत ठेवला.

"बाबा बोलत नसत," तो म्हणाला.

"मग बाहेर बोलायचं!"

"बाहेर थंडी असते."

पॅजेटने चेहरा ओंजळीत घेतला. मला वाटतं तो रडत होता, पण घामात कळत नाही. आणि मग सुलोने माझ्याकडे न बघता, दगडांना सांगितल्यासारखं सांगितलं, "देणं आहे. सगळं आहे. ट्रेव्हॅरोचा शेवटचा हप्ता मी दिलेलाच नाही. ग्रीन बे गावची एक बँक रोज फोन करते, ट्रेव्हॅरोला आम्ही कर्ज दिलंय, तो हप्ता आम्हाला द्या म्हणून. माझ्या हातात दुसऱ्या कुणाचा दावा लेखी असेल तर मी तो अडवू शकतो. नसेल तर बँकेला द्यावा लागेल, आणि नंतर याचा दावा आला तर पुन्हा घरातून भरावं लागेल. तीन महिने बँकेला थापा मारतोय. लेंपी आजारी आहे, मी आजारी आहे, कुत्रा आजारी आहे. आणि हा मागतच नाही! म्हटलं, लोडर घेऊन श्रीमंत झाला की काय."

सुलोच्या तोंडून एका दमात इतके शब्द त्याच्या लग्नातही आले नव्हते. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"मागत नाही? जानेवारीत तुझ्या खुंटीवर पाकीट लावलं होतं! नाकासमोर!"

"कसलं पाकीट?"

"पिवळं. लांबट."

सुलो आठवत राहिला. "ते होय? ते चर्चच्या छपराच्या वर्गणीचं नव्हतं?"

"नव्हतं!"

"मग ते चुलीत गेलं."

"न उघडता?"

"छपराची वर्गणी मी दोनदा दिलीय."

म्हणजे बघा. ज्या कागदाची हा माणूस जिवाच्या आकांताने वाट बघत होता, त्याच कागदाने त्याने चूल पेटवली. पटकन पेटली. आणि त्या वाफेत मी आरामात टेकून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, आज वाफ विशेष चांगली लागलीय. मला काय झालं कोण जाणे, मी फळीवरून उतरलो आणि आमच्या चुलीचं दार उघडून आत डोकावलो. सुलोच्या चुलीत जळालेला कागद माझ्या चुलीत का बघायला गेलो, हे मला हेल्वीनेही विचारलं. भुवई तिथे गेली.

मग सगळं सोपं झालं. मी बर्फाची मूठ डोळ्यावर धरून पायरीवर बसलो होतो आणि आत पॅजेट सुलोला समजावत होता की हप्त्यातून माझी रक्कम बाजूला काढायची, चेक कसा लिहायचा, म्हणजे ट्रेव्हॅरोला किंवा त्याच्या बँकेला उद्या उठून बोंब मारता येणार नाही, कंपनीला खिशात हात घालावा लागणार नाही आणि सुलोच्या घराला धक्का लागणार नाही. मला अर्धंच ऐकू आलं, कारण डोळ्याबरोबर एका कानावरही बर्फ होता. तरी एरवी माझे कान तिखट आहेत हे तुम्ही जाणता. नंतर पॅजेट बाहेर येऊन बर्फात लोळला, स्वतःहून, कुणी न सांगता. जाताना म्हणाला, कंपनीच्या अहवालात हे कसं लिहायचं तेच कळत नाही. सुलो म्हणाला, "लिहा, ऊब चांगली होती."

कालच्या शनिवारी सुलोकडे पाळी होती. आम्ही बसलो. पोस्टातल्या बाई आता माझ्याशी नीट बोलतात. बँकेच्या मॅनेजरला मी चेकचं वर्णन फोनवर ऐकवलंय. आत बराच वेळ शांतता होती, जुनी, चांगली शांतता. मग सुलो म्हणाला, "आज हळू पेटली." मी म्हटलं, "चालायचंच."

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या. हेल्वी तुमची आठवण रोज काढते, विशेषतः मी काही मूर्खपणा केला की, म्हणजे तुम्ही तिच्या फार दूर नाही.

तुमचा,
रेइनो हौताला

ता. क. हेल्वीने वरचं सगळं वाचलं आणि 'कुणाचा एक शब्द उसना न घेता' या ठिकाणी बोट ठेवून उभी राहिली. म्हणून लिहितो की बाँडच्या प्रतीतली रजिस्टर टपालाची ओळ तिने मला वाचून दाखवली होती. मी ती वाचली असती, पण चष्मा सौनात विसरला होता आणि त्याच्या काड्या वाकल्या होत्या.

ता. क. दुसरा. या पत्राबरोबर पार्सल येईल, त्यात वेलदोड्याचे दोन पाव आहेत. वर खर्चात धरलेले ते हेच. एक तुमचा. दुसरा घेऊन कृपया तुमच्या कोपऱ्यावरच्या त्या पेस्टीवाल्याकडे जावं. चेहरा लालबुंद आणि हसतमुख असेल तर नाव विचारायची गरज नाही. घाबरवू नका, माणूस वाईट नाही, काँक्रीट फार सुंदर घालायचा, आणि बंदूक इथे आहे म्हणावं, तेल घालून ठेवलीय. आधी कवचाची तारीफ करा. दुसऱ्या पेस्टीनंतर पाकिटातला चेक पुढे सरकवा. हो, तो आता फ्रिजवर नाही, या पत्राच्या घडीत आहे. पत्र लिहून झाल्यावर, सोमवारी, बँकेत नेला तर बँकेने परत केला. मागच्या बाजूला वर सही हवी, शाईने. एप्रिलअखेरच्या आत परत पाठवावा, रजिस्टर टपालाने, खुंटीवर लटकवून नव्हे.

ता. क. तिसरा. सही त्याचीच आधी लागते. चेक दोघांच्या नावाचा आहे; पहिलं नाव गार्थ ट्रेव्हॅरो, आणि माझं त्यानंतर, बारीक अक्षरात.